राहायचे की निघायचे? आधी अटी लिहा

गोंदिया जिल्ह्यात १ मे हा दिवस दोन कारणांनी साजरा होतो. १९६० साली याच तारखेला महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९९९ साली याच तारखेला भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. एक उत्सव एकत्र येण्याचा आणि दुसरा वेगळे होण्याचा; परंतु ध्वजवंदन एकच, भाषणेही बहुधा तीच. त्याच दिवशी विदर्भवादी संघटना मात्र काळा दिवस पाळतात आणि विदर्भाने महाराष्ट्रातून बाहेर पडावे, ही मागणी पुन्हा एकदा करतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या शेजारी शेजारी छापल्या जातात आणि प्रश्न पुढील वर्षाच्या १ मेपर्यंत बासनात जातो. सहा दशकांहून अधिक काळ हा क्रम चालू आहे. एखादा प्रश्न इतकी वर्षे न सुटणे हे एक वेळ समजू शकते. परंतु तो सोडवण्यासाठीच जी सभागृहे लोकांनी निवडून दिली, त्या सभागृहांत तो नीट मांडलाही जाऊ नये, हे समजण्यापलीकडचे आहे.

एका राजकीय संघातून दुसऱ्यात जाणे, हा अनुभव या भागाला नवा नाही. आजचा गोंदिया जिल्हा ज्या भंडारा जिल्ह्यातून निघाला, तो ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. म्हणजे अवघ्या चार वर्षांत येथील शिक्षकाच्या सेवापुस्तकावर आणि कारकुनाच्या टपालावर तीन राज्यांची नावे येऊन गेली. राजधानी एकशेतीस किलोमीटरांवरून साडेनऊशे किलोमीटरांवर गेली. या स्थित्यंतरांपैकी एकाही वेळी गोंदियाच्या माणसाला 'तुला काय हवे' असे कोणी थेट विचारले नाही. ही तक्रार म्हणून नव्हे, तर वस्तुस्थिती म्हणून आरंभीच नोंदवलेली बरी.

विचारणा झालीच नाही असेही नाही. ती प्रतिनिधींमार्फत झाली आणि उत्तरे परस्परविरोधी आली. १९३८ साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव केला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, दोन्हीकडच्या मराठी नेत्यांनी नागपूर करारावर सह्या करून एकत्र येण्याच्या अटी ठरवल्या. त्याच सुमारास नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात नेमका उलटा सल्ला दिला. न्या. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर या तिघांनी नागपूर, भंडारा, चांदा, वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला व बुलढाणा या आठ मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे, अशी शिफारस केली. डॉ. आंबेडकरांनीही त्याच वर्षी भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तिकेत मराठी भाषकांची एकाहून अधिक राज्ये असावीत व त्यांत पूर्वेकडचे एक असावे, असे प्रतिपादन केले. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघातून ते लोकसभेसाठी उभे राहिले होते आणि पराभूत झाले होते. तेव्हा या भागाची त्यांना केवळ नकाशावरून माहिती होती असे कोणी म्हणणार नाही.

दिल्लीने यांपैकी कोणाचेच ऐकले नाही. आयोगाची शिफारस बाजूला पडली. नंतर सरकारने महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक सुचवले. तेही मागे पडले आणि अखेर संसदेत द्विभाषिक मुंबई राज्याचा पर्याय मान्य झाला. त्यावर तत्कालीन विधिमंडळाचे मत घेतलेच गेले नव्हते, या मुद्द्यावर बाबूलाल पराते यांनी न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली निकाल दिला तो असा, की संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, परंतु ते संसदेवर बंधनकारक नाही. आणि विधेयकात पुढे बदल झाला तरी ते पुन्हा विधिमंडळाकडे धाडण्याची गरज नाही. आजच्या कोंडीचे एक मूळ या निकालात आहे. विदर्भवादी म्हणतात, मुंबईची संमती लागतच नाही, दिल्लीने मनावर घ्यावे. दिल्ली म्हणते, आधी महाराष्ट्रात एकमत होऊ द्या. मुंबई म्हणते, आमच्यापुढे असा प्रस्तावच नाही. तीन दारे आहेत आणि प्रत्येक दारावरचा पहारेकरी दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सदस्य आहेत. त्यांपैकी विदर्भाचे ६२. लोकसभेतील राज्याच्या ४८ जागांपैकी विदर्भाच्या १०. ही आकडेवारी पाहिली म्हणजे विदर्भाचे सारे प्रतिनिधी एका सुरात बोलले तरी ते एकट्याने काही ठरवू शकत नाहीत, हे उघड आहे. परंतु ते एका सुरात कधी बोललेले नाहीत, हेही तितकेच उघड आहे. १९७१ साली जांबुवंतराव धोटे विदर्भाच्याच प्रश्नावर नागपुरातून लोकसभेत गेले आणि पुढे त्याच नागपुरातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. भारतीय जनता पक्षाने १९९७ साली भुवनेश्वर येथे वेगळ्या विदर्भाच्या बाजूने ठराव केला. पण ज्या शिवसेनेबरोबर त्याला राज्य चालवायचे होते, ती विभाजनाला कडाडून विरोध करत राहिली. काँग्रेसमध्ये नागपूरला एक भाषा आणि मुंबईला दुसरी, ही तर जुनीच रीत. पक्ष कोणताही असो, विरोधी बाकांवर असताना विदर्भ आठवतो आणि सत्तेच्या बाकांवर बसल्यावर 'योग्य वेळ' आठवते.

२०१४ साली ती योग्य वेळ आली आहे, असे अनेकांना वाटले. विदर्भातील ६२ पैकी ४४ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या, मुख्यमंत्री नागपूरचे आणि दिल्लीत त्याच पक्षाचे पूर्ण बहुमत. पुढे काय झाले? मार्च २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना विभाजनाच्या बाजूने केलेल्या वक्तव्यांवरून राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात भंडारा-गोंदियाचे तत्कालीन खासदार नाना पटोले यांच्या खासगी विधेयकाच्या निमित्ताने विधानसभेत असा गदारोळ झाला, की कामकाज चालेना. शेवटी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्य सरकारपुढे विभाजनाचा कोणताही प्रस्ताव नाही, असे सांगितले. घोषणा झाल्या, फलक फडकले, सभा तहकूब झाली. झाली नाही ती फक्त चर्चा. विदर्भ वेगळा झाला तर नेमके काय होईल आणि न झाला तर नेमके काय मिळेल, याचा ऊहापोह त्या सभागृहात करण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

अशा प्रश्नावर लोकांनाच थेट का विचारू नये, असा एक उपाय सुचवला जातो. जनमत घ्या, हो की नाही ते एकदाचे ठरू द्या. दिसायला हा मार्ग सरळ आहे. परंतु त्या मार्गाने गेलेल्या एका जुन्या लोकशाहीची अवस्था पाहिली, म्हणजे त्यातला खड्डा लक्षात येतो. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे, यावर जनमत घेतले. ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. प्रश्न सुटला असे वाटले. वस्तुतः तो तेथून सुरू झाला. कारण 'बाहेर पडणे' हा एक शब्द होता आणि त्याचे अर्थ अनेक होते. कोणाला व्यापाराची सवलत ठेवून फक्त परक्यांचे येणे थांबवायचे होते, कोणाला सारेच बंध तोडायचे होते. आणि उत्तर आयर्लंड व आयर्लंड प्रजासत्ताक यांच्या सीमेचे काय करायचे, याचा मतदानापूर्वी फारसा विचारच झाला नव्हता.

परिणाम असा झाला, की पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी वाटाघाटी करून आणलेला करार त्यांच्याच संसदेने १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. मार्चमध्ये तो आणखी दोनदा फेटाळला गेला. २७ मार्चला सभागृहाने आठ वेगवेगळ्या पर्यायांवर मते घेतली आणि एकालाही बहुमत मिळाले नाही. करार नको, करारावाचून निघणे नको, पुन्हा जनमत नको. सभागृहाला काय नको ते ठाऊक होते, काय हवे ते ठाऊक नव्हते. निघण्याची तारीख तीन वेळा पुढे ढकलली गेली. मे यांना पायउतार व्हावे लागले. त्यांच्यानंतर आलेल्या बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित केली, तर सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०१९ रोजी ती स्थगिती एकमताने बेकायदा ठरवली. अखेर डिसेंबरात सार्वत्रिक निवडणूक होऊन सभागृहाची रचनाच बदलली, तेव्हा कुठे ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. आणि उत्तर आयर्लंडच्या व्यवस्थेवर त्यानंतर तीन वर्षांनीही नव्याने तडजोड करावी लागली.

या हकिकतीतून दोन बोध निघतात. पहिला असा, की अटी न लिहिता घेतलेला कौल प्रतिनिधींना वाट दाखवत नाही. उलट त्यांना चौकात उभे करून निघून जातो. दुसरा बोध आपल्याकडे कमी सांगितला जातो. ब्रिटिश संसद कोंडीत सापडली हे खरे. पण ती मते देऊन कोंडीत सापडली. कोणत्या सदस्याने कोणत्या दिवशी कोणत्या पर्यायाच्या बाजूने हात वर केला, याची नोंद तेथील कोणत्याही शाळामास्तराला वाचता येते. पुढच्या निवडणुकीत मतदाराने त्या नोंदी समोर ठेवून हिशेब केला. आपल्याकडची कोंडी मते न देण्याची आहे. गदारोळाची नोंद राहत नाही आणि तहकुबीला कोणाची सही लागत नाही. मतदाराने हिशेब मागावा तरी कोणत्या कागदावर?

जनमताचा मार्ग मुळातच वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याचे एक नीट उदाहरण मराठी माणसाच्या घरातच आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे केंद्रशासित राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल घेतला गेला. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने त्यापूर्वीच राजीनामा दिला होता. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. महाराष्ट्राच्या मनाविरुद्ध निकाल लागला. पण तो सर्वांनी मानला आणि प्रश्न तेथेच मिटला. काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच जनतेने बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. हे कसे घडले? गोव्यातील मतदारापुढे दोन पर्याय होते आणि दोन्ही त्याला पाहता येत होते. महाराष्ट्र शेजारीच होता, केंद्रशासित कारभार तो रोज अनुभवत होता. प्रश्न तोलून पाहता येण्याजोगा होता, म्हणून उत्तर टिकले. विदर्भ राज्याचा पर्याय मात्र अद्याप कोणी कागदावर उतरवलेला नाही. तो प्रत्येकाच्या मनात वेगळा आहे.

भारतात राज्ये वेगळी होतच नाहीत असेही नाही. सालेकसा, देवरीच्या जंगलापलीकडे छत्तीसगड आहे. मध्य प्रदेशच्या विधानसभेने १९९४ साली त्या राज्याच्या निर्मितीचा ठराव केला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी ते अस्तित्वात आले. जेथून निघायचे त्या घराचीच संमती होती, म्हणून भांडे फारसे वाजले नाही. तेलंगणाची गोष्ट निराळी. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने ३० जानेवारी २०१४ रोजी विभाजनाचे विधेयक फेटाळले. लोकसभेत मिरपुडीचा फवारा उडाला, सदस्य निलंबित झाले आणि १८ फेब्रुवारीला थेट प्रक्षेपण बंद असताना विधेयक संमत झाले. २ जून २०१४ रोजी राज्य झाले खरे, पण घाईत राहिलेल्या गाठी पुढे कर्मचाऱ्यांच्या गळ्याला लागल्या. २०१५ मध्ये तेलंगणातील वीज कंपन्यांनी मूळच्या आंध्रच्या म्हणून हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांना कार्यमुक्त केले. आंध्र त्यांना घेईना, तेलंगणा ठेवीना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीला माणसे वाटून द्यावी लागली. दहा वर्षे लोटली तरी दोन राज्यांतील अनेक सामाईक संस्थांची वाटणी पूर्ण झालेली नव्हती.

गोंदियातील शिक्षकाने आणि कारकुनाने हा दाखला विशेष ध्यानात ठेवावा. राज्य वेगळे होते तेव्हा नकाशावर रेघ ओढली जाते, पण कापली जाते ती सेवाज्येष्ठतेची यादी, निवृत्तिवेतनाची जबाबदारी आणि भविष्य निर्वाह निधीचे खाते. पुण्यात नोकरी करणारा आमगावचा लिपिक कोणत्या राज्याचा धरायचा? गोंदियात बदलून आलेल्या साताऱ्याच्या अभियंत्याला पर्याय निवडता येईल काय? राज्याच्या डोक्यावरील कर्जाचा वाटा लोकसंख्येवर पडेल, की ते कर्ज जेथे खर्च झाले त्या प्रदेशावर? तिरोड्यात ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे आणि चंद्रपूर, कोराडीची वीज साऱ्या महाराष्ट्राला जाते; त्या विजेचे करार कोणाच्या नावे राहतील? हमीभावाने धानखरेदी होते, पण त्यावरील बोनस राज्याच्या तिजोरीतून येतो. नव्या तिजोरीला तो झेपेल काय? वैनगंगेच्या आणि बावनथडीच्या पाण्याबाबत मध्य प्रदेशाशी झालेले व्यवहार नव्या राज्याकडे आपोआप येतील, की पुन्हा बसावे लागेल?

आणखी एक प्रश्न येथे हलक्या आवाजात विचारला जातो. मुंबई दूर आहे हे खरे. परंतु नागपूर जवळ आल्याने गोंदिया जवळ येईलच याची हमी कोण देणार? वऱ्हाडातल्या अमरावती-अकोल्याला जी शंका आहे, तीच धानपट्ट्यातल्या या जिल्ह्यालाही आहे. कापसाचा विदर्भ, संत्र्याचा विदर्भ, खाणींचा विदर्भ आणि धानाचा विदर्भ यांचे हितसंबंध प्रत्येक बाबतीत एक नाहीत. वेगळ्या राज्यात अर्थसंकल्पाची वाटणी कशी होईल, विद्यापीठे कोठे होतील, उच्च न्यायालयाखेरीज दुसरे कोणते कार्यालय नागपूरबाहेर जाईल, हे आधी सांगितले गेले तर पूर्व विदर्भाच्या टोकावरील माणूस या मागणीकडे अधिक विश्वासाने पाहील. हे प्रश्न विचारणारा विदर्भाचा शत्रू ठरत नाही. ते न विचारता हो म्हणणारा मात्र उद्या स्वतःलाच दोष देईल.

जुनी व्यवस्था मोडली आणि नव्या व्यवस्थेच्या अटी लिहिल्या गेल्या नाहीत, म्हणजे काय होते, याचे उत्तर या जिल्ह्याच्या गावागावांत पडून आहे. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले आणि मालगुजारांच्या देखरेखीखाली चालणारे तलाव ही या धानपट्ट्याची जीवनवाहिनी. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती. त्याबद्दल आज कोणी अश्रू ढाळणार नाही. तलाव सरकारजमा झाले. पण गाळ कोणी काढायचा, पाळ फुटली तर कोणी बांधायची, नहराचे पाणी कोणाला आधी द्यायचे, याची जी घडी गावाने बसवलेली होती तिच्या जागी नवी घडी वेळेवर बसली नाही. तलाव जिल्हा परिषदेच्या आणि पाटबंधारे खात्याच्या दप्तरात गेले, नाव पडले माजी मालगुजारी तलाव आणि गाळाचे थर चढत राहिले. मालकी बदलली, तो कागद त्याच दिवशी झाला. जबाबदारीचा कागद मागाहून करू, असे म्हटले गेले. आणि मागाहून म्हणजे किती, ते ज्याच्या बांधापर्यंत पाणी पोहोचत नाही त्या शेतकऱ्याला विचारावे.

परंतु अटी लिहिण्याचे ओझे केवळ वेगळे होऊ पाहणाऱ्यांवर टाकून चालणार नाही. एकत्र राहा म्हणणाऱ्यांनी तर अटी लिहून दिल्या होत्या, आणि त्या पाळण्याचा त्यांचा इतिहास उजळ नाही. नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत योग्य वाटा आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, ही आश्वासने दिली. १९५६ साली संविधानात विकास मंडळांची तरतूद आली. १९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला. एकूण सुमारे ३,१८७ कोटी रुपयांच्या अनुशेषापैकी सुमारे ३९ टक्के विदर्भाचा निघाला. त्याच वर्षी विधिमंडळाने मंडळांसाठी ठराव केला आणि मंडळे स्थापन झाली ती १९९४ साली. ज्या तरतुदीला अंमलात यायला अडतीस वर्षे लागली, त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा ती वाढवण्याची तत्परता दाखवली गेली नाही. पुनर्गठनाची शिफारस करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो २०२२ मध्ये. नागपूरचे हिवाळी अधिवेशन तर बहुधा दोन आठवड्यांच्या आत आटोपते आणि त्यातही विदर्भावरील चर्चा शेवटच्या दिवसांत, रिकाम्या होत चाललेल्या बाकांपुढे होते. करार मोडायचा नाही आणि पाळायचाही नाही, या वृत्तीनेच वेगळेपणाच्या मागणीला जितके बळ दिले, तितके कोणत्याही आंदोलनाने दिले नसेल.

याचा एक छोटा पण बोलका दाखला आमगावचा आहे. नगरपरिषद की नगरपंचायत या वादात तेथील नगरपरिषदेचा प्रश्न न्यायालयात अडकला आणि तिच्यात घेतलेल्या गावांची कामे व योजना रखडल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्या गावांतून, आम्हाला मध्य प्रदेशात सामील करा, अशी मागणी उठली. त्या गावकऱ्यांना मध्य प्रदेशाचे अकस्मात प्रेम उत्पन्न झाले असे कोणी मानणार नाही. त्यांना घरकुल हवे होते, रस्ता हवा होता आणि आपला कारभार नेमका कोणाकडे आहे, याचे उत्तर हवे होते. ते मिळेना, म्हणून त्यांनी सीमेपलीकडे बोट दाखवले. बाहेर पडण्याची भाषा माणूस बहुधा तेव्हाच बोलतो, जेव्हा आतील कोणी त्याचे ऐकत नाही.

तेव्हा मार्ग काय? तो अवघड नाही, केवळ गैरसोयीचा आहे. विधिमंडळाने विदर्भाच्या प्रश्नावर सर्वपक्षीय समिती नेमावी आणि तिच्याकडून दोन मसुदे मागवावेत. एकात वेगळ्या राज्याच्या अटी असाव्यात: कर्ज, महसूल, वीज, पाणी, कर्मचारी, राजधानी आणि जिल्ह्यांमधील वाटणी. दुसऱ्यात एकत्र राहण्याच्या अटी असाव्यात: निधीचे सूत्र, विकास मंडळांचे अधिकार, नोकऱ्यांतील वाटा, आणि यांपैकी एखादी अट मोडली गेली तर दाद कोठे मागायची. दोन्ही मसुदे मराठीत छापून प्रत्येक पंचायत समितीत आणि महाविद्यालयाच्या वाचनालयात ठेवावेत. त्यावर नागपूरच्या अधिवेशनात सलग चर्चा व्हावी आणि शेवटी नावानिशी मतदान व्हावे. ६२ सदस्यांनी काय केले आणि उरलेल्या २२६ सदस्यांनी काय केले, हे एकदा कागदावर येऊ द्या. ते मत संसदेवर बंधनकारक नसेल. पण मतदारापुढे ते साक्ष म्हणून उभे राहील.

मतदानात मागणी फेटाळली जाईल, अशी भीती विदर्भवाद्यांना वाटेल. फेटाळली गेली तरी ती लिखित अटींसह फेटाळली जाईल आणि एकत्र राहण्याच्या अटी तितक्याच ठळकपणे दुसऱ्या बाजूच्या गळ्यात पडतील. आजच्यासारखी न हरलेली आणि न जिंकलेली मागणी दर निवडणुकीला वापरता येते, एवढाच काय तो तिचा उपयोग. मसुदा तयार झाला तर फुटीला खतपाणी मिळेल, अशी भीती अखंड महाराष्ट्रवाद्यांना वाटेल. परंतु ज्या ऐक्याला दोन मसुद्यांची तुलनाही सोसत नाही, त्या ऐक्याच्या बळकटीविषयी त्यांनाच खात्री नाही, असा त्याचा अर्थ होईल.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तेव्हा कोणाचे रक्त सांडले नाही आणि कोणाची अस्मिताही दुखावली नाही. आठ तालुके ठरले, कार्यालये ठरली, दप्तरे वाटली गेली. लोकसभेचा मतदारसंघ आजही भंडारा-गोंदिया असाच जोडनावाचा आहे, आमगाव विधानसभा क्षेत्र गडचिरोली-चिमूरला जोडलेले आहे आणि दोन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या पदव्यांवर नागपूरच्याच विद्यापीठाचा शिक्का असतो. वेगळे होणे आणि एकत्र राहणे या जिल्ह्याने एकाच वेळी अंगवळणी पाडून घेतले आहे. ज्या जनतेला हे जमले, तिला मोठा प्रश्न समजणार नाही असे मानण्याचे कारण नाही. तिला समजेल असा कागद मात्र तिच्या हाती पडला पाहिजे. तो लिहिण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले आहे, त्यांना त्यासाठी मानधन, निवास आणि नागपूरचे थंडीचे दिवस मिळतात; त्या दिवसांतील चार दिवस या लेखनासाठी मागणे ही काही अवाजवी मागणी नव्हे.